जलस्तंभातलं पाणी येतं कुठून?

१९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे सिसिलीतल्या पोर्तिचेल्लो गावाजवळ समुद्रात नांगरून ठेवलेली ‘बेझियन’ ही ५६ मीटर लांबीची आलिशान यॉट बुडाली आणि सात जणांचा जीव गेला. पहिल्या बातम्यांनी खापर फोडलं ते वॉटरस्पाउटवर, म्हणजे जलस्तंभावर. काही दिवसांतच तपास करणाऱ्या इटालियन सरकारी वकिलांनी सांगितलं की डाउनबर्स्टची, ढगातून सरळ खाली आदळणाऱ्या वाऱ्याची, शक्यता अधिक दिसते. तोवर जलस्तंभ जगभर बदनाम होऊन गेला होता.

ही बदनामी त्याच्या वाट्याला फार जुन्या काळापासून आलेली आहे. दुरून पाहणाऱ्याला ढगापासून समुद्रापर्यंत लोंबणारी करडी नळी दिसते, आणि समुद्र वर शोषला जातोय असंच कोणालाही वाटतं. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात खलाशांच्या या वैऱ्यावर उपाय नोंदवलाय तो असा: वावटळ चालून येताना दिसली की तिच्या वाटेत व्हिनेगर ओतावं. हा उपाय तोकडाच, हे त्यालाही ठाऊक होतं. पुढे जहाजांवर तोफा आल्या तसा उपायही बदलला. तोफ डागली की स्तंभ तुटतो, अशी समजूत खलाशांत रुजली.

खरा वाद पेटला अठराव्या शतकात, तोही पत्रांतून. बेंजामिन फ्रँकलिन आणि बोस्टनचे डॉक्टर जॉन पर्किन्स यांच्यात मतभेद होता: स्तंभ वरून खाली येतो की खालून वर जातो? पर्किन्सचा कौल वरून खाली. त्यांनी पुराव्यादाखल एका कप्तानाचा अनुभव कळवला. त्याच्या जहाजावरूनच जलस्तंभ गेला होता. पाणी चाखलंस का, असं विचारल्यावर तो म्हणाला, न चाखून सांगतो कोणाला, नाकातोंडात, डोळ्यांत, कानांत शिरलं ते! आणि चव? झऱ्याच्या पाण्यासारखी गोडी. समुद्राचं पाणी वर ओढलं जात असतं तर ते खारट लागायला हवं होतं.

फ्रँकलिनचं ४ फेब्रुवारी १७५३ चं उत्तर आजही वाचण्यासारखं आहे. पोकळीने पाणी फार तर तीसेक फूट चढेल, कारण हवेच्या दाबाची ताकद तेवढीच, हे त्याने मांडलं. मग ढगापर्यंत पाण्याचा सलग खांब उभा राहणार कसा? त्याचं म्हणणं असं की हवा गरगरत वरच जाते, पण तिच्यातल्या वाफेचं पाणी होण्याची क्रिया वरून खाली सरकत येते. म्हणून स्तंभ उतरल्यासारखा दिसतो. सगळे तपशील टिकले नाहीत, पण गाभा बरोबर निघाला. तोही कुठलीही मोजमापं हाती नसताना, निव्वळ तर्काने.

प्रत्यक्ष पाहिल्याचं सर्वोत्तम जुनं वर्णन वीस वर्षांनंतरचं आहे. १७ मे १७७३ रोजी न्यूझीलंडच्या केप स्टीफन्सजवळ कॅप्टन जेम्स कुकच्या ‘रेझोल्यूशन’ जहाजाभोवती सहा जलस्तंभ उठले. त्यातला एक जहाजापासून पन्नास यार्डांवरून गेला. त्याच्या तळाशी पन्नास-साठ फूट व्यासाच्या वर्तुळात पाणी फेसाळून उसळत होतं, असा कुकचा अंदाज. नळीत गरगर फिरत वर जाणारा एक पक्षी दिसल्याचंही काही जणांनी सांगितलं. तोफेचा उपाय कुकने ऐकलेला होता आणि तोफ तयारही होती. पण पाहण्यात तो इतका गुंगला की डागायची राहूनच गेली, आणि याची चुटपुट त्याने लिहून ठेवलीय. मला तरी हे फार बरं वाटतं. तोफ डागली असती आणि स्तंभ योगायोगाने त्याच वेळी विरला असता, तर ती समजूत आणखी शंभर वर्षं हलली नसती.

१९ ऑगस्ट १८९६ ला अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ उठलेल्या जलस्तंभाचे फोटो निघाले आणि त्यांवरून उंची काढता आली: सुमारे ३,६०० फूट. १९१७ मध्ये आल्फ्रेड वेगेनरने, खंडवहनाचा, म्हणजे खंड सरकतात हा, सिद्धांत मांडणाऱ्यानेच, युरोपातल्या अशा घटनांवर आख्खा ग्रंथ लिहिला. पण जन्मापासून शेवटापर्यंतचा क्रम लागला तो जोसेफ गोल्डन या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञामुळे. फ्लोरिडा कीज परिसरात विमानातून घिरट्या घालत, पाण्यावर धुराच्या नळकांड्या टाकून त्याने वारा कसा वळतो ते पाहिलं आणि १९७४ मध्ये पाच टप्पे मांडले. आधी पाण्यावर एक काळसर डाग. मग त्याभोवती गडद-फिक्या पट्ट्यांची सर्पिल. मग तुषारांचं कडं, मग पूर्ण वाढलेली नळी, आणि शेवटी ती बारीक होत, वाकत, तुटत जाणं. पहिला डाग पडतो तेव्हा नळीचा बऱ्याचदा पत्ताही नसतो. म्हणजे बोटीवरच्या माणसाला ‘सुरुवात’ म्हणून जे दिसतं, ती सुरुवात नसतेच.

यामागची यंत्रणा साधी आहे. पाणी कोमट, वरची हवा त्यामानाने थंड, वारा मंद. दोन दिशांचे वारे जिथे एकमेकांना भिडतात त्या रेषेवर छोटे भोवरे तयार होतात. अशा भोवऱ्यावर वाढता ढग आला की त्याकडे चढणारी हवा भोवऱ्याला उभा ताणते. तो जितका अरुंद होतो तितका वेगाने फिरतो. मधला दाब घटतो, हवा प्रसरण पावून थंड होते आणि वाफेचे थेंब होतात. दिसणारी नळी मुख्यतः याच थेंबांची, म्हणजे ढगाचीच. समुद्राचं पाणी तळाशी तुषार होऊन उडतं, तेवढंच. कप्तानाच्या तोंडात गेलेलं पाणी गोडं का, ते इथे कळतं.

हे झाले शांत हवेतले जलस्तंभ. ते बहुधा वीस मिनिटांच्या आत विरतात. लहान होडी मात्र उलटवू शकतात. दुसरा प्रकार म्हणजे मोठ्या गडगडाटी वादळातून पाण्यावर उतरलेला टोर्नेडो, म्हणजे विध्वंसक चक्री वावटळ, आणि त्याची गोष्ट वेगळीच. त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता पाण्याचं तापमान आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेचं तापमान यांतला फरक, शिवाय ढगांची जाडी, यांवरून अंदाज बांधतात. कॅनडाचे हवामानशास्त्रज्ञ वेड सिलागी यांनी उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससाठी तसा आलेख तयार केला. तिथे हंगाम असतो उन्हाळा सरता सरता, तळी अजून उबदार आणि वरून थंड हवा येऊ लागलेली. पण अमुक ठिकाणी आत्ता स्तंभ उठलाय, हे रडारला पुष्कळदा कळत नाही, कारण तो अरुंद असतो आणि लांबवरच्या रडारचा झोत त्याच्या वरून निघून जातो. त्यामुळे इशारा द्यायचा तर किनाऱ्यावरून किंवा बोटीवरून कोणीतरी पाहून कळवावं लागतं.