यीस्ट टाकल्यावर ऑक्सिजन वर्ज्य? सरसकट नाही!

घरी बिअर करणाऱ्यांत एक समज घट्ट रुजलाय: एकदा यीस्ट टाकलं की ऑक्सिजनचं नाव काढायचं नाही. साध्या बिअरला हे चालून जातं, १.०९० ग्रॅव्हिटीच्या (म्हणजे आंबण्याआधी पाण्याच्या १.०९० पट घनतेच्या) बार्लीवाइनला, या फार कडक बिअरला, नाही. पेशीच्या आवरणातली स्टेरॉल (चरबीसारखी द्रव्यं) घडवायला यीस्टला ऑक्सिजन लागतो. ती कमी पडली की चढत्या अल्कोहोलपुढे यीस्ट मान टाकतं, बिअर गोडमिट्ट राहते. भांडं कितीही घुसळा, हवेतून ऑक्सिजन जेमतेम आठ पीपीएम (दहा लाखांत आठ भाग) विरघळतो. दाट वर्टमध्ये, म्हणजे आंबवायच्या गोड माल्ट-पाण्यात, त्याहूनही कमी. म्हणून सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन बारीक छिद्रांच्या स्टीलच्या ‘दगडा’तून सोडतात आणि यीस्ट टाकल्यावर बारा ते अठरा तासांनी पुन्हा थोडा. तो यीस्ट लगेच फस्त करतं. ज्याच्या भीतीने ऑक्सिजन टाळतात, तो पुठ्ठ्यासारखा वास बिअरला येतो तो आंबणं संपल्यावर शिरलेल्या ऑक्सिजनने. कोरडं यीस्ट मात्र स्टेरॉलचा साठा घेऊनच पाकिटातून येतं. तिथे ही खटपट बहुधा फुकटच.