सहभागी विकास आणि संस्थेची कार्यसंस्कृती (गोवा)

ज्यांच्यासाठी विकासकामे करायची, त्यांनाच ती ठरवण्यात आणि तपासण्यात सामील करून घेणे म्हणजे सहभागी विकास. ही सामीलकी किती खरी, हे बहुतांशी काम चालवणाऱ्या संस्थेच्या सवयींवर ठरते: बैठकीत आधी कोण बोलतो, वरिष्ठाची चूक दाखवता येते का, इतिवृत्तात विरोध नोंदला जातो का. संस्थांचे अभ्यासक एडगर शाइन यांनी संस्था-संस्कृतीचे तीन थर मानले: दर्शनी रूपे, सांगितली जाणारी मूल्ये आणि न बोलता धरून चाललेली गृहीतके. गावाशी खरी गाठ पडते ती तिसऱ्या थराची. स्वतःच्या कचेरीत शिपायाचे मत न ऐकणारी संस्था गावात जाऊन कुळाचे ऐकेल, ही आशा व्यर्थ आहे.

गोव्यात सामूहिक कारभार जुना आहे. गावकरी, म्हणजे गावाची जमीन एकत्र सांभाळणारी संस्था, तिचे रीतिरिवाज पोर्तुगीजांनी 1526 मध्ये लिहून काढले. तीच संस्था पुढे कोमुनिदाद म्हणून ओळखली गेली. शेत, बांध, देऊळ यांचा विचार गावकार, म्हणजे या संस्थेचे सभासद, एकत्र बसून करत. त्या बैठकीत स्त्रिया आणि राबणारे मजूर मात्र नसत. एकोप्याची ही परंपरा सांगताना एवढी उणीव झाकू नये.

खाजन शेतीत, म्हणजे खाऱ्या नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, संस्थेच्या संस्कृतीचा परिणाम डोळ्यांना दिसतो. नदीचे खारे पाणी बांध अडवतो आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणसोडीची, दारे भरती-ओहोटीप्रमाणे पाण्याची ये-जा राखतात. 1964 च्या कूळ कायद्यानंतर या बांधांची जबाबदारी हळूहळू कूळ संघांकडे आली. मानशीवरील मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, हे संघांचे मोठे उत्पन्न. जिथे सभासद बांधाची पाहणी आणि हिशेब स्वतः करतात, तिथे हा पैसा डागडुजीला लागतो. जिथे वार्षिक सभा म्हणजे केवळ पावणी, तिथे मासळीसाठी खारे पाणी वाजवीपेक्षा जास्त आत घेतले जाते आणि भातशेती पडीक राहते. नियम दोन्हीकडे सारखेच असतात.

जमिनीचा वापर ठरवणारा, 2011 सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या विरोधामुळे 2007 मध्ये मागे घेतला गेला. पुढचा, 2021 पर्यंतचा आराखडा करताना मसुदा गावोगाव नेऊन सूचना मागवल्या गेल्या. लोकांनी नकाशे पसरून सर्व्हे क्रमांक ताडून पाहिले. पुढे अंतिम नकाशांवर गावांनी आक्षेप घेतले आणि 2012 मध्ये आराखडा स्थगित झाला. सूचना घेणे आणि ती का मानली नाही हे परत येऊन सांगणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाची सवय सरकारी खात्यांना क्वचितच असते.

सत्तरी, सांगे, काणकोण भागांत वनहक्क कायदा, 2006 खालच्या दाव्यांतही हाच प्रश्न येतो. दावेदार सोडून अन्य वृद्धांचे लेखी नोंदवलेले कथन नियमांनुसार पुरावा ठरते. कागदालाच पुरावा मानायची सवय असलेल्या कचेरीत मात्र ही तरतूद चालायला, वेळीप किंवा गावडा या आदिवासी समाजांतल्या म्हाताऱ्याजवळ बसून त्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत उतरवून घेणारा कारकून लागतो.