फेब्रुवारीत बीड जिल्ह्यात कोण असतं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोड मजूर निघतात. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, आणि ती एकट्याला नाही, नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. जोडी म्हणजे एक कोयता. मग सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या उसाच्या फडांवर पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. गावात राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर सोडलेली लेकरं.

मराठवाडा मागास का, असं विचारलं की ‘लोकसंख्या वाढली’ हे उत्तर तयार असतं. ते मला पटत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला, बीड १९.६ टक्क्यांनी आणि त्याला लागून असलेला धाराशिव फक्त साडेअकरा टक्क्यांनी. पुणे जिल्हा मात्र ३० टक्क्यांनी आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. वाढीनं गरिबी येत असती, तर पुणे-ठाणे कंगाल झाले असते. तिथली बरीचशी वाढ बाहेरून आलेल्या, ऐन कमावत्या वयाच्या माणसांची आहे. म्हणून नुसता आकडा पुरत नाही. माणसं कोणत्या वयाची आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात कुठे, हेही पाहावं लागतं.

आता त्या कोयत्याकडे जरा जवळून बघू. उचल जोडीला मिळत असल्यानं लग्न हीच कामाची पात्रता ठरते. शिवाय वयात आलेली मुलगी सहा महिने गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आई-बापाची धास्ती खरी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं, बीडमध्ये ४३.७. याचा लोकसंख्येवर होणारा परिणाम सहसा लक्षात येत नाही. समजा, दोन घरांत प्रत्येक बाईला दोनच मुलं होतात. एका घरात आईपण १८ व्या वर्षी येतं, दुसऱ्या घरात २४ व्या. ७२ वर्षांत पहिल्या घरात चार पिढ्या होतात, दुसऱ्यात तीन. मुलांची संख्या सारखी असूनही पहिल्या घरात एका वेळी हयात असणारी माणसं जास्त असतात. म्हणजे कुटुंब नियोजन यशस्वी होऊनही वाढीचा जोर लवकर ओसरत नाही. मुलीचं लग्न पाच-सहा वर्षांनी लांबलं, तर तो आपसूक उतरतो. आणि लग्न लांबायचं तर गावात हंगामी वसतिगृह आणि दहावीनंतरचं शिक्षण हवं.

दुसरी गोष्ट पैशाच्या हिशोबाची. जिल्ह्याचं उत्पन्न मोजताना उत्पादन जिथे होतं तिथे ते धरलं जातं. तोडलेला ऊस आणि त्याची साखर कारखान्याच्या जिल्ह्याच्या खात्यात जाते. तोडणाऱ्याचं बाळंतपण, लसीकरण, शाळा आणि कंबर गेल्यावरचं म्हातारपण मात्र बीडच्या खात्यात राहतं. गुन्नार मिर्डाल या अर्थतज्ज्ञानं १९५० च्या दशकात हेच मांडलं होतं: पुढे गेलेला प्रदेश मागच्या प्रदेशातली कामाची माणसं ओढून घेतो आणि दरी आपोआप बुजण्याऐवजी रुंदावत जाते.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे माणसं मोजली जाणार फेब्रुवारीत, ऐन गाळपाच्या हंगामात. मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नसतो, त्याची नोंद तो असेल तिथे व्हायची असते. प्रगणक फडावरच्या कोपीपर्यंत पोहोचला नाही, तर ते कुटुंब ना गावच्या यादीत, ना कारखान्याच्या. साखर कारखान्यांकडे ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांच्या याद्या असतात. त्या जानेवारीतच प्रगणकांच्या हाती द्यायला हव्यात आणि प्रत्येक कोपीत मूळ गाव, तालुका विचारून लिहून घ्यायला हवा.