म्हातारं मांजर रात्री ओरडतं, तो अपशकुन नव्हे आणि म्हातारचळही नव्हे

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या मराठी घरांतून अजून ऐकू येतं: म्हातारं मांजर रात्री ओरडू लागलं की अपशकुन. शकुन न मानणारे ‘म्हातारचळ, दुसरं काय’ म्हणून सोडून देतात. हा दुसरा समज जास्त घातक, कारण तो शहाणपणाचा वाटतो.

दहा वर्षांपुढचं मांजर अचानक रात्री मोठ्याने ओरडू लागलं, तर आधी थायरॉइड, रक्तदाब आणि मूत्रपिंडं तपासून घ्या. भरपूर खाऊनही वजन घटत असेल तर पहिला संशय थायरॉइडचा. वरचा रक्तदाब १६०च्या पुढे टिकून राहिला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. ऐकू कमी येत असलं तरी आवाज चढतो. स्मृतिभ्रंशही असतो, पण ते निदान बाकी सगळं तपासून झाल्यावरच.

शी-शूच्या ट्रेबाहेर घाण करणं हा ‘राग’ नव्हे. बारा वर्षांवरच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेत सांध्यांची झीज दिसते. उंच काठ ओलांडताना त्यांना दुखतं. ट्रेचा एका बाजूचा काठ ५-६ सेंटिमीटरवर आणा, कापलेली कड घासून घ्या. पलंगाशी पायरी, रात्री मंद दिवा. वजन दरमहा करा: चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम घटले, तर तो दहावा हिस्सा गेला. दुखण्यावर घरातलं पॅरासिटामॉल मात्र कदापि नको. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.