काचबिंदूच्या थेंबामागचं विषारी बी

काचबिंदू असलेल्या घरात फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बाटलीशेजारी, बोटभर उंचीची एक बाटली असते. रात्री झोपताना त्यातला एकच थेंब. गेलेली नजर त्याने परत येत नाही, उरलेली टिकते. हा थेंब हाती येईपर्यंत शंभरावर वर्षं गेली आणि सुरुवात झाली ती माणसं मारणाऱ्या एका बीपासून.

आजच्या नायजेरियातल्या कालाबार भागात एफिक लोक चेटकाचा आळ आलेल्याला 'एसेरे' हे बी कुटून, कालवून पाजत. उलटी झाली तर निर्दोष, मेला तर दोषी. हे बी स्कॉटलंडला पोचलं तेव्हा एडिनबरोचे प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये त्याचा तुकडा स्वतःच खाऊन पाहिला. अंगातलं त्राण जायला लागल्यावर दाढीचं उरलेलं पाणी पिऊन त्यांनी उलटी काढली, म्हणून वाचले! १८६३ मध्ये तिथल्याच आर्गाइल रॉबर्टसन यांनी त्याचा अर्क डोळ्यात घातला. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली.

डोळ्यात आत सतत पाणी तयार होतं आणि कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. या अर्काने आतला स्नायू आवळला जातो, जाळी ताणून मोकळी होते. स्ट्रासबर्गच्या लुडविग लाकर यांनी १८७६ मध्ये तो काचबिंदूवर वापरला. त्यांना स्वतःलाच काचबिंदू होता. तोवर उपाय एकच होता, शस्त्रक्रिया. त्याच सुमारास ब्राझीलच्या जाबोरांडीच्या पानांतून पायलोकार्पिन मिळालं. ते पुढे कित्येक दशकं चाललं, पण दिवसातून तीन-चार वेळा घालायचं, वर कपाळ दुखायचं आणि संध्याकाळी अंधुक दिसायचं. थेंब चुकवणाऱ्या रुग्णाला बोल लावणं मला तरी जमणार नाही.

१९५४ मध्ये पाणी तयार होणंच कमी करणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी आली. तिने बोटांना मुंग्या येतात. १९७८ मध्ये अमेरिकेत टिमोलॉल हे थेंबाचं औषध मंजूर झालं. बाहुली तशीच राहते, दिवसातून दोनदा पुरतं, पण दमेकऱ्याला धोक्याचं. डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात उतरतो. म्हणूनच थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा दाबून धरायला सांगतात.

रात्रीचा तो थेंब म्हणजे लॅटानोप्रोस्ट. तो प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनाच्या कुळातला. या रसायनाने डोळा सुजतो, दाब वाढतो, असंच मानलं जात होतं. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून अमेरिकेत गेलेले लास्लो बिटो यांनी कोलंबिया विद्यापीठात मात्रा अगदी कमी करून पाहिली, तर दाब उतरला. १९९६ मध्ये औषध बाजारात आलं. त्याने पापण्यांचे केस लांब, दाट होतात. २००८ मध्ये त्याच कुळातलं बिमाटोप्रोस्ट अमेरिकेत खास त्यासाठीच मंजूर झालं. एकाच डोळ्यात थेंब घालणाऱ्याला मात्र आरशात दोन तऱ्हेच्या पापण्या दिसतात.