वेबकॉमिक्सच्या संवादांतील गीतपंक्ती

वेबकॉमिकमधील, म्हणजे इंटरनेटवर प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेतील, पात्राने गाण्याचा कोणताही आव न आणता, रोजच्या बोलण्याच्या ओघात परिचित गाण्याची ओळ किंवा तिचा तुकडा वापरणे, ही एक रूढ लेखनयुक्ती आहे. असे पात्र गाताना दाखवलेले नसते. ते भाजीचा भाव करत असते, फलाटावर लोकलची वाट पाहत असते किंवा साहेबांना रजेचे कारण सांगत असते, आणि त्याच्या तोंडचे वाक्य त्या प्रसंगाला चपखल बसते. हे वाक्य गाण्यातले आहे असे वाचकाच्या ध्यानात आले, की त्याच्या मनात चाल आपोआप सुरू होते. कॉमिक हे मुके माध्यम असल्यामुळे चित्रकाराला ही चाल पुरवता येत नाही. ती वाचकाकडे आधीपासून असावी लागते, आणि युक्ती साधते की फसते हे सर्वस्वी त्या शिदोरीवर ठरते.

छापील कॉमिक्समध्ये संगीत दाखवण्याचे प्रयत्न जुने आहेत. चार्ल्स शुल्झ यांच्या १९५० मध्ये सुरू झालेल्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेत श्रोडर हा मुलगा खेळण्यातला पियानो वाजवतो तेव्हा चौकटीत बीथोव्हनच्या रचनांची खरीखुरी स्वरलिपी काढलेली दिसते. तेथे संगीत उघड मांडलेले असते, तर प्रस्तुत युक्तीत ते दडवलेले असते. अशा दडवादडवीला वेबकॉमिक्समध्ये अधिक वाव मिळाला, कारण वृत्तपत्राच्या संपादकाप्रमाणे ‘हे सगळ्यांना कळेल का’ असे विचारणारे तेथे कोणी नव्हते. आपल्यासारखीच आवड असलेल्या थोड्या वाचकांसाठी लिहिण्याची मोकळीक चित्रकाराला होती. जेफ जॅक्स यांची २००३ मध्ये सुरू झालेली ‘क्वेश्चनेबल कंटेंट’ ही मालिका आरंभीच्या काळात इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र वादकवृंदांचे रॉक) संगीताच्या संदर्भांसाठी ओळखली जात असे, ती याच मोकळिकीमुळे.

मुंबईतील मराठी वाचकाची शिदोरी अनेक ठिकाणांहून भरलेली आहे. भारतातील पहिला बोलपट १९३१ मध्ये गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला, आणि त्यात सात गाणी होती. पुढे १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती, आकाशवाणीवरचा ‘आपली आवड’सारखा फर्माइशींचा कार्यक्रम, लोकलच्या डब्यात टाळ वाजवणारी भजनी मंडळे आणि गणेशोत्सवातील मांडवांचे ध्वनिवर्धक यांनी हिंदी-मराठी गाणी न मागताही कानांत ओतली. या सर्वांपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो गाण्यांच्या भेंड्यांचा खेळ. भेंड्या खेळताना गाण्याचा चित्रपट, गायक किंवा प्रसंग यांना काही किंमत नसते. शेवटचे अक्षर आणि त्यावरून आठवलेले ध्रुवपद एवढेच उरते. ओळ अशी तिच्या मूळ जागेपासून सुटी होते, म्हणूनच ती उचलून दुसऱ्या प्रसंगात बसवता येते. निरूपणाच्या मध्येच ओवी-अभंगाचा चरण आणणारे कीर्तनकार हे या युक्तीचे पूर्वज म्हणावेत, असे वाटू शकते. मात्र कीर्तनकार ‘तुकोबा म्हणतात’ असे सांगून चरण आणतात, त्यामुळे साम्य अर्धेच राहते.

विडंबनाशीही या युक्तीची गल्लत केली जाते. केशवकुमार या नावाने प्र. के. अत्रे यांनी लिहिलेल्या विडंबनांत मूळ कवितेचा छंद आणि घाट राहतो, शब्द बदलतात. येथे एखाददुसरा शब्द सोडला तर ओळ जशीच्या तशी राहते, प्रसंग तेवढा बदलतो. एखाद्या काल्पनिक लावणीचे ध्रुवपद ‘अहो राया, कुठवर उभी राहू मी दारात’ असे आहे, असे समजू. ना-हरकत दाखल्यासाठी खेटे घालणारी रहिवासी बाई गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयात डोकावून ‘अहो सेक्रेटरी, कुठवर उभी राहू मी दारात?’ असे विचारते, आणि सेक्रेटरी रजिस्टरमधून मान वर न काढता ‘आत या, खुर्ची रिकामी आहे’ असे सांगतात. लावणी ठाऊक नसलेल्या वाचकाला येथे एक त्रासलेली बाई दिसते. ठाऊक असलेल्याला तीच बाई दिसते आणि शिवाय ढोलकी ऐकू येते. दोन्ही वाचने पुरी होणे ही या युक्तीची खरी कसोटी आहे. गाणे ओळखले नाही तर वाक्यच निरर्थक ठरत असेल, तर त्याला संवाद म्हणण्यापेक्षा कोडे म्हणणे योग्य.

कोणत्या गाण्याची ओळ बोलण्यात सहज लपेल हे त्या गाण्याच्या भाषेवर अवलंबून असते. भावगीतांत ‘मजला’, ‘तुजवीण’, ‘परि’, ‘नयनी’, ‘जाहले’ अशी रूपे असतात आणि ती आज बोलण्यात कोणी वापरत नाही. त्यामुळे भावगीताची ओळ लगेच पकडली जाते आणि पात्र मिश्कील किंवा जुन्या वळणाचे भासते. लावणी आणि कोळीगीते यांची रचना मुळातच कोणाला तरी उद्देशून केलेल्या बोलण्याची असते, प्रश्न, आर्जव, तक्रार, टोमणा अशी. त्यामुळे ती संवादात मुरतात. हिंदी चित्रपटगीतांचे प्रकरण वेगळे आहे. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरणे मुंबईत इतके सवयीचे आहे, की केवळ भाषा बदलली म्हणून वाचक सावध होत नाही. इतर ठिकाणच्या मराठी वाचकाला जी हिंदी ओळ खटकून गाण्याची आठवण देईल, ती मुंबईकराच्या नजरेतून निसटूनही जाते.

ओळ ओळखली जावी म्हणून चित्रकार खुणा करतात. संवादाच्या फुग्यात स्वरचिन्ह काढणे ही सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत वाईट खूण आहे, कारण तिने पात्र गाऊ लागते आणि बोलण्याचा आभास संपतो. देवनागरीत याहून सूक्ष्म सोय उपलब्ध आहे: लांबवलेल्या स्वरासाठी अवग्रहचिन्ह वापरून ‘दाराऽत’ असे लिहिले, की हाक आणि तान यांच्या सीमेवरचा उच्चार मिळतो. रोमन अक्षरे वरखाली नाचवून सूर सुचवतात, तसे देवनागरीत करायला गेल्यास शिरोरेषा तुटते. म्हणून हाताने अक्षरे काढणाऱ्याला रेषाच लाटेसारखी वाकवावी लागते, आणि संगणकीय टंक वापरणाऱ्याला ते सहजासहजी जमत नाही. मोबाइलवर उभ्या सरकत्या पट्टीत ओळीचा पूर्वार्ध एका फुग्यात आणि उत्तरार्ध बोट सरकवल्यावर येणाऱ्या फुग्यात ठेवतात. मधल्या रिकाम्या जागेत वाचक ओळ स्वतःच पुरी करून बसतो, मग उत्तरार्ध वेगळा निघाला तर हसू येते. इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांवर चित्रांना खरे गाणे जोडण्याची सोय झाली आहे. ती वापरणारे कमी नाहीत, पण तेव्हा वाचकाने स्वतः चाल आठवण्याचे कामच उरत नाही.

कायद्याच्या दृष्टीने भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ यातील ‘संगीतकृती’च्या व्याख्येतून गायचे शब्द वगळलेले आहेत, गीताचे शब्द साहित्यकृती म्हणून गणले जातात आणि त्यांवरील हक्क सामान्यतः गीतकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. चित्रपटगीताचे मोजके शब्द एका जाहिरातीत वापरल्याच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अत्यल्प वापराचे तत्त्व, म्हणजे अगदी क्षुल्लक वापराकडे कायदा दुर्लक्ष करतो हे तत्त्व, लागू केले होते. त्यामुळे एखाद्या तुकड्याचा वापर आणि अख्खे कडवे छापणे यांत फरक करावा लागतो. संतांचे अभंग किंवा १९४१ मध्ये निधन पावलेल्या भा. रा. तांबे यांच्यासारख्या कवींचे शब्द आता सर्वांना खुले आहेत. त्यांना नंतर लावलेल्या चालींवर संगीतकारांचे हक्क असू शकतात, पण वेबकॉमिकच्या फुग्यात चाल छापलीच जात नसल्याने तेथे तो प्रश्न उद्भवत नाही.