खरखरीत स्क्रू आणि हिरडीचं दुखणं

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत आजोबांची कवळी रात्री पाण्याच्या वाटीत पडायची. आता साठीतले लोक इम्प्लांट करून घेतात, म्हणजे जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर दात. काही वर्षांनी त्यातल्या एखाद्याच्या इम्प्लांटभोवती रक्त येतं, पू येतो, आणि ‘डॉक्टरनं नीट बसवलं नाही’ असा निकाल लागतो. कधीकधी तो खराही असतो. पण या दुखण्याची एक जुनी कहाणी स्क्रूच्या पृष्ठभागात आहे.

स्वीडनमध्ये 1952 च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रानेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते हाडाला असं धरून बसलं होतं की निघेना. 1965 मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर ते टिकले होते. हे स्क्रू लेथवर कातलेले, जवळपास गुळगुळीत. हाड धरायला खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्यात सहा महिने थांबावं लागे. वरच्या जबड्याच्या मागच्या भुसभुशीत हाडात तर ते जास्त दगा देत.

म्हणून पृष्ठभाग खडबडीत करायची चढाओढ लागली. स्वित्झर्लंडमध्ये 1970 च्या दशकात टायटॅनियमचे वितळलेले कण फवारले गेले, पुढे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे (हाडातल्या खनिजाचे) लेप आले. 1990 च्या दशकात बारीक कणांचा मारा करून वर आम्लाने कोरायची रीत स्थिरावली. खडबडीतपणा साधारण 1 ते 2 मायक्रॉन. महिन्यांची वाट सहा-आठ आठवड्यांवर आली.

सगळा विचार हाडाचा झाला, हिरडीचा मागे राहिला. दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटला ते समांतर नुसते लागून असतात, त्यामुळे सूज हाडापर्यंत सहज उतरते. हाड झिजलं की आटे उघडे पडतात, आणि हाडासाठी केलेल्या खाचा जंतूंना आसरा देतात. 2007 मध्ये कुत्र्यांवरच्या एका प्रयोगात इम्प्लांटभोवती दोरा बांधून आजार घडवला गेला. दोरा काढल्यावरही हाड झिजत राहिलं, आणि खरखरीत इम्प्लांटवर जास्त.

तरी माझ्या मते सगळा दोष पृष्ठभागावर ढकलणं सोयीचं आहे. आजार सुरू होतो तो साचलेल्या जंतूंच्या थरातून. माणसांतल्या अभ्यासांत पृष्ठभागांमधला फरक इतका ठळक दिसत नाही. तंबाखू, आधीचा पायरिया, कॅपखाली राहिलेलं सिमेंट हे जास्त भोवतं. (इंदूरच्या सराफा बाजारात मध्यरात्री तळलेलं गराडू खाऊन ब्रश न करता झोपणाऱ्यांनीही इथे थोडं थांबावं.) 2016 च्या एका स्वीडिश अभ्यासात नऊ वर्षांनी 45 टक्के रुग्णांत हा आजार आढळला, पण मध्यम ते तीव्र स्वरूपाचा 14.5 टक्क्यांतच.

काही कंपन्या आता वरचे दोन-तीन मिलिमीटर गुळगुळीत ठेवतात. आजार झालाच, तर काही डॉक्टर उघडे पडलेले आटे ड्रिलला लावायच्या बर्‌ने घासून सपाट करतात, म्हणजे कारखान्यानं मेहनतीनं आणलेला खडबडीतपणा तेच काढून टाकतात. त्यात टायटॅनियमचा भुगा हिरडीत सांडतो आणि बारीक इम्प्लांट कमजोर होतो, म्हणून हा उपाय सगळ्यांना पटलेला नाही.